वजनदार खालू

रत्नागिरी शहर व परिसरातील तमाम रहिवाशांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जाहिरात वाचून नव्हे, तर तळहातावर तोलून घ्यायचा असतो. हे सत्य आम्हा पामरांना ठाऊक नव्हतं, तेव्हापासून ते खालूंना ठाऊक होतं.

खालू म्हणजे कोकणी मुसलमानांत मावशीचा नवरा. पण मच्छीमार लाँचींवरचे वायरलेस दुरुस्त करणारा हा दाढीवाला माणूस मिरकरवाड्यापासून राजिवड्यापर्यंत सगळ्यांचाच खालू होता. दोन हजार तीनच्या सुमारास त्यांनी दुकानात कॉम्प्युटरही जोडायला घेतले. पडद्यावरची चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड तपासायचं म्हणून ते स्वतः मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत, आणि त्यात मागून येणाऱ्या प्रत्येकाला बाजूला होऊन वाट देत. "त्याला घाई असेल, बाबू," म्हणत. कायम शेवटचा नंबर. अपघात मात्र एक नाही.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, आणि त्याच गेमपायी खुळावलेला. बाजारातला तयार कॉम्प्युटर तो गेम दचके देत चालवायचा, म्हणून मला खालूंच्या हातचा हवा होता. अडचण एकच: बाबा. ते निवृत्त शिक्षक. त्यांच्या मते सुटे भाग जोडून होते ती सायकल. त्यांनी अट घातली, "रविवारी माझ्या डोळ्यांसमोर सुरू झाला तर घरात राहील. नाहीतर गेमबिम विसरायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

भाग आणायला खालू आणि मी कोकण रेल्वेने मुंबईला गेलो. मी पहिल्याच दुकानात निळे दिवे लागणाऱ्या कॅबिनेटच्या प्रेमात पडलो. खालूंनी माझी बाही ओढली. "लग्न आहे काय कुणाचं? बाहेर रोषणाई नि आत काळोख! डबा साधा घे. गाडी पळणार ती ग्राफिक्स कार्डावर." प्रोसेसर मी सगळ्यांत वरचा मागितला, तर म्हणाले, "होडी केवढी, इंजिन केवढं! मदरबोर्डला पेलेल तेवढाच घे."

मग पॉवर सप्लाय. दोन्ही हातांत दोन खोकी घेऊन खालू डोळे मिटून उभे राहिले. विक्रेत्याला राहवेना. "काका, मासळी आहे का ती?"

"मासळी असती तर कल्ला उघडून बघितला असता," खालू डोळे न उघडता म्हणाले. "तुझा डबा बंद. आत माल किती भरलाय ते हातालाच विचारायला हवं. ह्यो डावीकडचा पोकळ आहे, उचलून ठेव."

पंख्यांची परीक्षा कानाने झाली. प्रत्येक पंखा चालू करायला लावून, कानाशी धरून, "हा खोकतो", "हा बरा गातो" असे निकाल देत त्यांनी अख्खं दुकान खोळंबून ठेवलं.

खालूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. मी अजून साधा चार्जर घेतानाही तो तळहातावर तोलतो आणि विक्रेते माझ्याकडे दयेने बघतात. हे दुःख आधीच उरकून घेतलं, कारण मला शेवट त्या रविवारावर करायचा आहे.

रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून परीक्षकासारखे खुर्चीत बसले. शेजारीही जमले. खालूंनी शेवटचा हात फिरवला. मेमरीची पट्टी, म्हणजे रॅम, जिला ते 'राम' म्हणत, ती काढून तिची टोकं खोडरबराने घासली. खाऱ्या हवेनं पुटं चढतात म्हणून. तेवढ्यात आईने कोकम सरबत आणलं. खालू उठले, "वहिनी, गुडघा काय म्हणतो?" अशी चौकशी केली, दोन पेले प्यायले, डबा बंद करून स्क्रू आवळले आणि बटण दाबलं.

पंखे गायले. पडदा मात्र काळा, आणि पोटातून नुसतं पीं… पीं… पीं. खालूंनी पुन्हा दाबलं. पुन्हा पीं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

बाबा सावकाश उठले. "मी आधीच सांगत होतो खालू, ह्या उपद्व्यापात काही राम नाही."

खालू दचकले. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. पुढे जे कानावर पडलं त्याने जन्मभर गंभीर राहिलेले बाबा खुर्चीत कोसळून हसले, हसता हसता "बसवा हो, बसवा" म्हणाले, आणि तो कॉम्प्युटर नऊ वर्षं आमच्या घरात सुखाने नांदला. खिशातली हिरवी पट्टी उंच धरून खालू ओरडले होते:

"या अल्ला! गुरुजी, राम माझ्या खिशात राहिला!"