फेब्रुवारीच्या पानावरचे दोघे

मुलगी शिकायला धारवाडला गेली आणि तिचा कॅमेरा माझ्याकडे राहिला. हट्ट करून तिनं तो घ्यायला लावला होता, पण हॉस्टेलवर कुणी उचलून नेईल या भीतीनं कपाटात ठेवून गेली. मी बेळगावात विम्याच्या ऑफिसात नोकरी करते. माहेर निपाणीचं, घर काकतीजवळ. मुलगी गेल्यावर रविवारची सकाळ मला खायला उठायची. म्हणून एकदा कॅमेरा पिशवीत टाकला, स्कूटर काढली आणि कडोलीच्या रस्त्याला लागले. मग ती सवयच झाली. कधी वडगावच्या गल्लीत सूत वाळत घातलेलं दिसायचं, कधी चिकोडीच्या स्टँडवर एखादी म्हातारी गाठोड्यावर बसून दाढेखालचं पान चघळत असायची. दिसेल ते टिपत गेले.

कॅलेंडरची कल्पना माझी नव्हे. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण कानडी. जेवणाच्या सुट्टीत तिनं कॅमेऱ्यातले फोटो बघितले आणि म्हणाली, "फोटो छलो बंदावरी!" छान आलेत. मग तिनंच पुढं मराठीत सांगितलं, "ह्याचं कॅलेंडर कर. मी पहिलं घेईन. पण महिन्याचं नाव कानडीत पण पाहिजे हं."

घरी सासूबाईंना सांगितलं. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांनी फोटो एकेक करून बघितले. मग म्हणाल्या, "फोटू चांगलं हाईत गं. पर दूध न्हाय आलं तर फुली कुठं मारायची?"

मी कागदावर जो नमुना काढला होता त्यात वर मोठा फोटो आणि खाली एका ओळीत बारीक तारखा होत्या. बाहेरगावच्या एका हॉटेलात तसं कॅलेंडर बघितलेलं. आत्यांचं म्हणणं ऐकून तारखांचे चौकोन केले. फोटो थोडा लहान झाला. मग शहापुरातल्या छापखान्यात गेले. मालक वयस्कर होते, कपाळावर चष्मा. त्यांनी नमुना हातात घेतला आणि विचारलं, "संकष्टी कुठाय?"

"ती पाहिजेच का? हे फोटोंचं कॅलेंडर आहे."

"ताई, लोकांच्या भिंतीवर खिळा एकच असतोय," ते म्हणाले. "त्याच्यावर अमावास्या नसलेलं कॅलेंडर कोण लावील?"

तिथी आल्या, सण आले. मैत्रिणीनं कानडी अक्षरं तपासून दिली, ती आली. प्रत्येक वेळी फोटो बोटभर आखडत गेला. मला वाईट वाटत होतं. पण पहिली प्रत हातात आली आणि आत्यांनी जुनं कॅलेंडर काढून आमचं खिळ्याला लावलं, तेव्हा वाटलं, बरं झालं. हे भिंतीवर राहील.

विकणं मात्र छापण्याहून अवघड. खडेबाजारातल्या दुकानदारानं पानं उलटली आणि विचारलं, "देव कुठल्या महिन्यात हाय?" देव नाही म्हटल्यावर त्यानं ते परत केलं. ऑफिसात बऱ्याच जणांनी घेतलं, निपाणीत माझ्या भावानं ओळखीच्यांना दिलं. उरलेला गठ्ठा घेऊन मी जानेवारीत कडोलीला गेले. तिथं दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल मिळालं. दोरी बांधून मी बाराही पानं चिमट्यांनी लटकवली.

आता फेब्रुवारीच्या फोटोचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं. तो मी आदल्या वर्षी सुगीत कडोलीजवळच काढला होता. रस्ता तिथं जरा उंचावर आहे आणि शेतं खाली. भर दुपार. जोंधळा काढलेला, सगळीकडं पेंढ्या रचलेल्या. एकच बाभळ, आणि तिच्या सावलीत दोन म्हातारे जेवत बसलेले. दोघांच्या मांडीवर भाकरी, दोघांची तोंडं विहिरीच्या दिशेला, दोघांचा घास एकदमच तोंडाशी गेलेला. मी वरूनच झूम करून फोटो घेतला. खाली उतरेपर्यंत एक जण उठून गेला होता. दुसऱ्याला मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला, छापला तर चालेल का विचारलं. त्यानं उन्हात डोळे बारीक केले.

"घाला की, काय हुतंय."

"ते दुसरे कोण?"

"शेजारी हाय," तो म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

मला वाटलं, सुगीतला दोस्ताना.

संमेलनात दुपारपर्यंत लोक यायचे, बघायचे, कुणी घ्यायचं. मग दोन बायका आल्या. फेब्रुवारीच्या पानासमोर थांबल्या आणि एकीनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! हे बघ, हे बघ!" तिनं आणखी दोघींना हाक मारली. बघता बघता टेबलाभोवती गर्दी. सगळे फेब्रुवारीच बघत होते. "जेवायला बसल्यात की जोडीनं!" कुणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. कॅलेंडरं भराभर खपायला लागली. मला आनंदच झाला. फोटो लोकांना भिडला असं मी समजले.

शेवटी एका बाईनं सांगितलं. ते दोघं सख्खे भाऊ. वाटण्या झाल्यापासून बोलत नव्हते. बांधावरून भांडण, आणि ती बाभळ नेमकी बांधावर. सावली तेवढी एकच, म्हणून दोघंही तिथं बसतात, एक बांधाच्या अलीकडं, एक पलीकडं. फोटोत बांध पेंढ्यांच्या आड गेला होता.

ऊन कलायला लागलं तसा थोरला, त्या दिवशी उठून गेलेला, स्वतः आला. धोतर, टोपी, हातात काठी. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यानं पान चिमट्यातून काढलं नाही, नुसतं जवळून बघितलं.

"बाई, हे तुम्ही काढलासा?"

"हो, आप्पा."

"मी ह्याच्यासंगं कवा जेवलो?"

"मला माहीत नव्हतं, आप्पा. लांबून काढला. त्यांना विचारलं तर शेजारी आहे म्हणाले."

"शेजारी," तो म्हणाला. हा शब्द त्याला लागला असावा. "आई गेली तवा तिच्या दिवसाला बी आम्ही एका पंगतीला बसलो न्हाय. सगळ्या गावाला ठाव हाय. आन् तुम्ही छापून वाटालासा. खोटं हाय हे."

"उरलेल्या प्रतींतलं पान मी काढून टाकते."

"आन् घराघरात गेलेली? ती काय करशीला?"

तो काठी टेकत निघून गेला. मी दोरीवरून फेब्रुवारी उतरवला आणि उरलेली कॅलेंडरं पिशवीत भरली.

आठवडाभर मला ते सोसवेना. आत्या म्हणाल्या, "जाऊन ये. घरात बसून काय मिटतंय?" पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दोन घरं लागून-लागून, पूर्वी एकच असावं, मधे भिंत घातलेली. थोरला कट्ट्यावर बसला होता. मला बघून त्यानं नुसती मान हलवली आणि आत हाक दिली, "बाई आल्यात, च्या टाक."

त्याची बायको मला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची. आत भिंतीवर माझं कॅलेंडर. मी चपापले.

"मीच आणलं संमेलनातनं," ती हळू आवाजात म्हणाली. "हे लई भडकले. फाड म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच फाडा. फाडलं न्हाय."

"आक्का, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला. खोटा फोटो छापला गेला."

ती चहाचं भांडं उतरवता उतरवता थांबली. दाराकडं बघितलं आणि जवळ आली. "खोटा कुठला? धाकट्याची बायको कोण हाय ठाव हाय काय? माझी सख्खी भण. दोघी एकाच मांडवात ह्या घरात आलो. ह्यांचं बोलणं बंद झालं, आमचं कसं बंद व्हईल? मागं परड्यातली भिंत हाय न्हवं, तिच्यावरनं आमचं देणं-घेणं चालतंय. त्या दिशी मी पावट्याची उसळ केलती. निम्मी तिला दिली. तिनं लसणाची चटणी दिली. फोटूत दोघं जेवालेत ती उसळ एकाच भांड्यातली हाय, बाई."

मी तोंडावर हात ठेवला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "सांगू नका हं. इतकी वर्सं खाल्लेलं बाधंल त्यांना."

चहा घेऊन आम्ही बाहेर आलो तर थोरला कट्ट्यावर नव्हता. परत आत वळलो, तर तो दुसऱ्या दारानं स्वयंपाकघरात येऊन कॅलेंडरसमोर उभा होता, जानेवारीचं पान वर उचलून. आमची चाहूल लागली तसं त्यानं पान सोडलं. मग आपलं चोरून बघणं उघडं पडलंच आहे तर लाजायचं काय, अशा आवाजात त्यानं मला विचारलं,

"ह्यो एवढा वाळलाय व्हय? का फोटूत तसं दिसतंय?"

"माणूस असतो तसाच फोटो येतो, आप्पा. पण तुम्ही तर रोज बघत असाल त्यांना."

"बघतोय कुठं," तो म्हणाला. "त्यो आला की मी तोंड फिरवतो. मी गेलो की त्यो फिरवतो. माणूस समोरनं बघितलं तर दिसणार." त्यानं पुन्हा पान उचललं. या वेळी आमच्यासमोर. धाकट्याच्या गळ्याच्या शिरा, खांद्याचं हाड, सैल पडलेली बंडी. माझ्या कॅमेऱ्यानं हे सगळं टिपलं होतं आणि मी इतके दिवस फक्त ऊन-सावली बघत होते. "बापाचं बी शेवटाला असंच झालतं," तो म्हणाला. "दवाखान्यात दाखवलं असंल का?"

हा प्रश्न मला नव्हता. बायकोनं कप खाली ठेवला. तिला सगळं माहीत असणार, पण तिला माहीत आहे हे त्याला कळायला नको होतं. मला तिच्या चेहऱ्यावर ती ओढाताण दिसली. शेवटी ती म्हणाली, "साखर निघालीय म्हणं. गावातल्या डाक्टरनं बेळगावला जा म्हटलंय. जाईना झालाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"गिरणीत बोलत हुत्या बायका."

तो मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा मी पुन्हा विचारलं, उरलेल्या प्रतींचं काय करू, पान काढू का.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "एक महिन्याचं तर हाय."

मी उरलेली कॅलेंडरं पान न काढता विकली. फेब्रुवारी लागला, गेला. आमच्या भिंतीवर आत्यांनी त्या दोघांच्या पायाशी दुधाच्या फुल्या मारल्या, एकीकडं गॅसची टाकी कधी लागली ते लिहिलं. मैत्रिणीनं ऑफिसात लावलेलं बघून साहेबांनीही विचारलं, हे दोघं कोण. मी म्हटलं, भाऊ आहेत.

उन्हाळ्यात एकदा बेळगावच्या भाजी मार्केटात थोरल्याची बायको भेटली. हातात आंब्यांची पिशवी. मला बघताच तिनं दंड धरून बाजूला ओढलं.

"बाई, तुम्हाला सांगायचंच हुतं. हे गेलते की त्याला घेऊन दवाखान्यात!"

"कोण? आप्पा?"

"व्हय. एक दिस सकाळी उठले, मोटारसायकल काढली आन् त्याच्या दारात जाऊन हॉर्न वाजवत बसले. हाक न्हाय मारली, नुसता हॉर्न. माझी भण बाहीर आली. हे म्हणाले, त्याला म्हणावं बेळगावला जायचंय. त्यो आतनं ऐकतच हुता. पाच मिनिटं आला न्हाय. मग आला, आन् मागं बसला. आम्ही दोघी आपापल्या दारात हुब्या, हसावं का रडावं कळंना. जाताना एक शब्द न्हाय, येताना एक शब्द न्हाय म्हणं. डाक्टरनं विचारलं, तुम्ही कोण ह्यांचे, तवा तेवढं बोलले."

"काय म्हणाले?"

"थोरला भाऊ म्हणाले. मग आणि काय म्हणणार?"

गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्या संपल्या की दोघं पुन्हा त्याच गाडीवरून जातात, तसेच मुक्यानं. बांध आहे तिथंच आहे. उसळ अजून परड्यातल्या भिंतीवरूनच जाते.

मी तिला म्हटलं, "आक्का, पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरला दोघांचा एक फोटो काढू का? या वेळी विचारून, जवळून?"

तिनं जरा विचार केला. पिशवीतले दोन आंबे काढून माझ्या हातात ठेवले.

"नगं बाई," ती म्हणाली. "कोण तरी बघंल, कोण तरी हसंल, आन् परत बिनसंल. आता थोडं दिस त्यांना कुणी बघायला नगं."

त्या वर्षी मी कॅमेरा घेऊन खानापूरच्या बाजूला गेले. नव्या कॅलेंडरच्या फेब्रुवारीत धुक्यातल्या एका मोकळ्या रस्त्याचा फोटो घातला. तो कुणालाच फारसा आवडला नाही.