लेकीला आलेला फोन

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, पण आज हिंगोलीच्या मोंढ्यावरून, म्हणजे शेतमालाच्या बाजारातून येताना हळदीचा वास नाकात गेला आणि लिहूनच टाकायचं ठरवलं. त्याच मोंढ्यात मी हमालांचा मुकादम होतो. लेक इंजिनिअर झाली तेव्हा तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. पुण्याच्या एका लहान कंपनीत रोज प्रोग्राम लिहायचे होते, तिथला निकाल अजून यायचा होता. मोठ्या कंपनीत नुसते इतरांच्या कामाचे अहवाल गोळा करायचे, पण हुद्द्यात मॅनेजर हा शब्द होता. तिला पुढे इंजिनिअरांची मॅनेजरच व्हायचं होतं, तरी ओढा लहान कंपनीकडे. मी म्हणालो, "काहून? साहेबी सोडून मजुरी करायला चालली का?" ती हसली. "बाबा, तुमी आधी पोती वाहिली म्हणून हमाल तुमचं ऐकतात. माझं कोण ऐकंल?" ते मला लागलं. लेकरानं पोती वाहू नयेत म्हणूनच तर मी वाहिली होती. दोन दिवसांनी ती बाहेर गेलेली असताना चार्जिंगला लावलेला तिचा मोबाइल वाजला, मी उचलला. लहान कंपनीनं तिला निवडलं होतं. "ती येणार न्हाई," मी सांगितलं, आणि ती आल्यावर म्हणालो, "त्यांनी दुसऱ्याला घेतलं." ती मोठ्या कंपनीत गेली. आता तिच्या हाताखाली टीम आहे. परवा आली तेव्हा म्हणाली, "पोरं विचारतात, मॅडम, तुम्ही कधी कोड लिहिलाय का? त्या लहान कंपनीनं मला घ्यायला पाहिजे होतं, बाबा." त्यांनी घेतलं होतं, बाई, मीच नाही म्हटलं, मला माफ कर, एवढं ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "चहा निवून राहिला, पी."