एका भिंतीचं पक्कं घर

सुलोचनाबाई म्हात्रे यांच्यामुळं आज पेणला माझ्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पाटीवर बायकोचं नाव वर आणि माझं खाली, तेही त्यांच्यामुळंच. माझं शिक्षण आठवीपर्यंत झालेलं. लिहिताना कुठं चुकलं तर चूक माझी समजावी. बाई बरोबरच होत्या. हे आधी सांगून टाकलं, कारण घाबरलो की मी मुख्य गोष्ट विसरतो आणि मी बहुतेक वेळ घाबरलेलाच असतो.

रोह्याच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीचं कॅन्टीन त्या सांभाळायच्या. गाव गडब. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या मात्र कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी हिंगोली. माझ्या शिफ्टला एक नांदेड आणि दोन बिहार होते. कुणाच्या हातात कागद दिसला की मावशी चहाची किटली खाली ठेवायच्या आणि कागद मागून घ्यायच्या. नोटीस असो, पगाराची स्लिप असो, लग्नाची पत्रिका असो, बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. चहा निवायचा. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "छापलंय म्हंजे खरं हाय काय रं? छापणाराला पण दुपारची झोप येते."

वंदना, माझी बायको, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. म्हणून घर पेणलाच बघत होतो. एका इमारतीत एक खोली, स्वयंपाकघर आणि उभं राहता येईल एवढी गॅलरी मिळत होती. तिथला सेल्सचा मुलगा म्हणाला, पुढच्या महिन्यात भाव वाढणार, विमानतळ येतोय. शिवाय होम लोनवर इन्कम टॅक्स वाचतो. मी हे सगळं पाठ करून मावशींना सांगितलं.

"तुला टॅक्स लागतो?"

"नाही."

"मंग वाचवतोस काय? कपाळ? नि विमान तुझ्या गच्चीवर उतरणार हाय?"

मी म्हणालो, गच्ची आपली नाही, सोसायटीची आहे.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. पहिलं घर घेणाऱ्याला सरकार कर्जाच्या व्याजात सवलत देत होतं. अटी दोन. घरावर बाईचं नाव पाहिजे आणि देशात कुठंही आपल्या नावावर पक्कं घर नको. "हे मिळालं तर हप्ता तुझ्या पगारात बसतो. नाय मिळालं तर नाद सोड." मी बोटांवर हिशोब करून पाहिला. त्या बरोबर होत्या.

बुकिंगच्या दिवशी सासरे हिंगोलीहून आले. मी त्यांना मामा म्हणतो. आमच्याकडं अजून पुष्कळ घरांत अशी रीत आहे की, लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. त्यामुळं गावी आमच्या घरी मामा जेव्हा जेव्हा आले तेव्हा ओट्यावरूनच परत गेले, आत कधी आले नाहीत. आमच्या वडिलांनी सोयरीक जुळवताना घर पक्कं आहे असं सांगितलं होतं आणि लग्नाआधी समोरची भिंत सिमेंटची करून घेतली होती. बाकी तीन भिंती मातीच्या, वर पत्रे. वडील गेल्यावर ते घर माझ्या नावावर झालं. वंदनानं तीन वर्षं माहेरी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

फॉर्म भरताना सेल्सच्या मुलानं मोठ्यानं विचारलं, "गावी पक्कं घर आहे?"

मामा शेजारीच बसलेले. मी म्हणालो, "आहे की. सिमेंटचं."

त्यानं 'होय' लिहिलं. मी सही केली. वंदना टेबलावरच्या काचेखालचा नकाशा बघत राहिली.

काही दिवसांनी बँकेचं पत्र आलं. आधीच पक्कं घर असल्यानं अनुदान मिळणार नाही. बुकिंग रद्द करायचं तर पंधरा दिवसांत. पत्र घेऊन मी कॅन्टीनला गेलो. मावशींनी किटली खाली ठेवली.

"हे 'होय' कुणी लिवलं?"

"मीच सांगितलं."

"भिंती कसल्या?"

"सिमेंटच्या."

"किती?"

"एक."

त्यांनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग म्हणाल्या, दुरुस्तीचा अर्ज दे, सोबत ग्रामसेवकाचा दाखला जोड, घर कच्चं असल्याचा, दोन पंचांच्या सहीनं. मी म्हणालो, ते नको. मामांचं गाव शेजारीच आहे, पंचनामा झाला की त्यांना कळेल. त्यापेक्षा घर गेलेलं परवडलं.

"बायकोला इचारलंस? परवडलं म्हणून?"

विचारलं नव्हतं.

"लाव सासऱ्याला फोन."

मी लावला. नंबर दोनदा चुकला. मावशींनी फोन ओढून घेतला. "दादा, मी जावयाच्या कंपनीतली मावशी बोलतंय. तुमच्या पोरीच्या घराला सरकार मदत देतंय, कारण जावयाचं गावचं घर मातीचं हाय. माझं सिमेंटचं निघालं, तर मला नाय म्हणून सांगितलं. आता तुमी सांगा, यात लाज कोनाला वाटाया पायजे?"

पलीकडं आधी कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "मला लग्नाच्या दिवशीच कळलंय बाई. ओट्यावर बसलो होतो, खिडकीतून आतली माती दिसत होती. पण व्याह्यानं पोरीसाठी एवढी एक भिंत बांधली, तर आपण कशाला डोकवायचं? पंच कोण पाहिजे? एक मी येतो."

मामांनी सही केली. पंचनाम्यासाठी ते त्या दिवशी पहिल्यांदा घरात आले, चारही भिंती बघितल्या आणि पाणी न पिता गेले. अनुदान मंजूर झालं. ते कर्जाच्या खात्यात जमा व्हायला बरेच महिने गेले. तोवर मी रोज पासबुक घेऊन कॅन्टीनला जायचो आणि मावशी रोज ते पहिल्या पानापासून वाचायच्या.

त्यांचं 'सिमेंटचं निघालं' म्हणजे काय, ते मी पुढं खूप दिवसांनी विचारलं. गडबला नवऱ्याच्या घरात त्यांचा हिस्सा आहे. त्यांच्याशिवाय आणखी अकरा वाटेकरी. दिरानं वर स्लॅब टाकला, म्हणून घर पक्कं. त्यात यांचं नाव, म्हणून अनुदान नाही. आणि राहायला तिथं कोपराही नाही. फॉर्मची प्रत्येक ओळ त्यांना पाठ होती ती त्यामुळं. हिस्सा तसाच सोडून नाव काढून घ्या, असं मी सुचवलं.

"फुकट? त्या स्लॅबला एकवीस दिस पाणी मी मारलंय."

आता त्या निवृत्त झाल्यात. रोह्यातच भाड्याच्या खोलीत राहतात आणि दर अकरा महिन्यांनी खोली बदलतात. वाटणी होऊन त्यांच्या हिश्शाचे पैसे मिळायला आणि त्या घरावरचं त्यांचं नाव निघायला अकराही जणांच्या सह्या लागतात. त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि एक वापीला असतो, असं म्हणतात. सुट्टीच्या दिवशी मी वडखळची गाडी पकडतो, पुढं गडबला उतरतो आणि एकेकाच्या दारात उभा राहतो. कोण तुम्ही, असं विचारलं की हिंगोली म्हणून सांगतो. आतापर्यंत चार सह्या झाल्यात. मावशींना हे ठाऊक नाही. उरलेल्या सात मी आणणार आहे, वापीला जावं लागलं तरी. आणि त्यानंतर पहिल्या घरासाठी जी योजना निघेल तिच्यात मावशींचा अर्ज मी भरून देणार आहे.