कर्नल आपल्याकडे आलेच नव्हते

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळासमोर मी एका अर्जेंटिनियन कर्नलला थेट भारतात आणून सोडलं.

झालं असं. माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने ए-लेव्हल स्पॅनिशच्या प्रोजेक्टसाठी एकोणिसाव्या शतकातला एक अर्जेंटिनियन सैनिक निवडला होता. गडी लेखकही होता. मंडळात त्याच्यावर मराठीतून पाच मिनिटं बोल, असं मी आणि बायकोने सुचवलं. ती कशीबशी तयार झाली. दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये ती 'माझा आजी' म्हणाली होती आणि पहिली रांग खो खो हसली होती. तेव्हापासून तिने घराबाहेर मराठी बोलणं बंदच केलं होतं. आज पुन्हा कोणी हसलं तर ते कायमचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ओळख करून द्यायचं काम मी मागून घेतलं. तयारी म्हणजे तिच्या नोट्सवर ट्रेनमध्ये फिरवलेली एक नजर. 'कर्नल थोडी माणसं घेऊन इंडियन्सच्या मुलखात गेला,' एवढं वाचलं आणि माझं स्टेशन आलं.

माईकवर म्हणालो, "मंडळी, अभिमानाची गोष्ट! हे गृहस्थ त्या काळी आपल्याकडे येऊन राहिले, आपल्या हातचं जेवले!"

"कुठे उतरले होते हो?" मागून एका काकांनी विचारलं.

"मुंबईलाच," मी ठोकून दिलं. जहाज आणखी कुठे लागणार?

मुलीने उठून माझ्या हातातला माईक घेतला. "बाबा, ते इंडियन्स आपण नाही! अर्जेंटिनाचे मूळ लोक. तो घोड्यावरून गेला."

हॉल असा हसला की समोसे मांडणाऱ्या बायकाही "काय झालं, काय झालं" करत आल्या. मी खाली बसलो.

ती मात्र सुटली. कर्नल तहाची बोलणी करायला गेला, त्यांच्यात बसून जेवला, प्यायला, 'मुख्याचा मुलगी'चा गॉडफादर झाला. परत येऊन त्याने सगळं पेपरात लिहिलं, आणि आपल्याच लोकांना विचारलं की रानटी नक्की कोण? 'मुख्याचा मुलगी' कोणाच्या कानात शिरलंच नाही. लोक अजून माझ्याकडे बघून हसत होते. पाचाची बारा मिनिटं झाली.

परतताना मुलगी मागे हेडफोन लावून बसली होती. बायको म्हणाली, "काका विचारत होते, तू ते मुद्दाम केलंस का."

"मग? काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. खरं सांगून उगाच कशाला शोभा!"