चौथा भाग चौथाच

१९३८ सालच्या उन्हाळ्यात, शहापूरच्या बाजाराच्या दिवशी, माझ्या वडिलांनी सहा पुस्तकांचे दोन रुपये चार आणे मोजून दिले. हजर आम्ही चौघे होतो: वडील, मी, माझी थोरली बहीण गोदी आणि शेजारचे पुराणिकबुवा. पुस्तकांचे नाव 'काचबेट'. मुलांसाठी लिहिलेली अद्भुत गोष्ट, सहा भागांत, भागाला सहा आणे. विकणाऱ्याने गठ्ठा बांधताना चौथा भाग सगळ्यांत वर ठेवला आणि म्हणाला, "हा आधी वाचा. शंभर वर्षांपूर्वीचं सगळं यात आहे. गोष्ट खरी इथून सुरू होते." बुवांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली, चौथा भाग काढून तिसऱ्याच्या खाली सरकवला आणि पुन्हा गाठ मारली.

"लिहिणाऱ्याने याला चौथा म्हटलंय ना? मग तो चौथाच."

"अहो, पण आधी घडलेलं आधी नको का वाचायला?" विकणारा म्हणाला.

"तुमची माझी ओळख आत्ता झाली," बुवा म्हणाले. "मी तुम्हाला तुमच्या पणजोबांचं नाव विचारलं का?"

बुवांचा धंदा पोथी वाचण्याचा. श्रावणात त्यांना उसंत नसे, बाकीचे महिने ते बरेचसे मोकळे असत. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की ओटीवर वाचायला लागले की परसातल्या बाईला ऐकू जाई, आणि समोर बसलेल्याला ते ओरडतायत असे वाटत नसे. रोज एक अध्याय वाचायचा, पोथी मिटायची आणि म्हणायचे, "पुढचं उद्या." त्यावरून आम्ही पोरांनी त्यांचे नाव उद्याबुवा ठेवले होते. त्यांना ते ठाऊक होते. एकदा मी तोंडावर म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "बरं नाव आहे. उद्या येईन असं खात्रीने सांगणारी माणसं गावात किती आहेत, सांग बघू."

काचबेटही त्यांनी पोथीसारखेच वाचायला घेतले. सहाही भाग लाल फडक्यात बांधून आपल्याच घरी ठेवले. दिवेलागणीला आमच्या ओटीवर यायचे, हात धुवायचे आणि एक प्रकरण वाचायचे. तांबटाची पोर चंपी गावच्या तळ्याच्या शेवटच्या पायरीवरून खाली उतरते आणि एका बेटावर जाऊन पोचते. तिथली झाडे काचेची, पाखरे काचेची, माणसेही उभी होती तशी काच झालेली. वेशीवर एक म्हातारी तेवढी हाडामांसाची असते. ती चंपीला पाणी पाजते, कुशीत घेते, आणि वाट दाखवायला एक बगळा देते. आम्हाला ती म्हातारी फार आवडे. गोदी तर म्हणे, "मी तिच्याकडंच राहीन गो, पुढं जाणारच नाय."

मात्र बुवांचा एक नियम जाचक होता. वाचनात खंड पडला की पुन्हा पहिल्या भागापासून. पोथीला ते लागू असेल, गोष्टीला कशाला, असे आम्ही कितीदा म्हटले. "तुम्हाला मागचं आठवतंय असं तुम्हाला वाटतं," ते म्हणत, "मला तसं वाटत नाही." कधी मला हिवताप येई, कधी लावणीची घाई, कधी शेजारी मयत. दोन वर्षांत आमची मजल तिसऱ्या भागापलीकडे गेली नाही.

आणि अशात गोदीचे लग्न ठरले. मुरबाडचे घर, भाताची शेती, माणसे चांगली. बोलणी झाली त्याच दिवशी तिची होणारी सासू माझ्या आईला म्हणाली, "पोर चार बुकं शिकली म्हंतात. शिकली तर शिकली, पण आमच्यात सुना पुस्तक घेऊन बसत नाय." आई मान हलवून मोकळी झाली. गोदी मात्र दुसऱ्या दिवशी बुवांच्या दारात गेली. मी मागे होतोच.

"बुवा, म्होरले तीन भाग मला द्या. चार दिवसांत वाचून देते. तिथं मला कोण वाचू देनार हाय?"

"आपला तिसराच संपत आलाय, गोदे."

"मग शेवट तरी सांगा."

"शेवट सांगायला मला घटकाही लागणार नाही. पण तो तुला नुसता कळेल. मिळणार नाही."

वडिलांनाही हे फार झाले असे वाटले. "बुवा, पोर चाललीय घरातून. सांगा नि मोकळी करा तिला. ह्ये काय वेद हायेत?" बुवांनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले आणि ते आत गेले. पुस्तके आमची, पैसे आमचे, पण मागून घेण्याचे धैर्य वडिलांना झाले नाही. निघताना गोदी सगळ्यांच्या पाया पडली. बुवांच्याही पडली, पण त्यांच्याकडे पाहिले नाही.

दीड वर्ष गेले. तिची पत्रे आधी महिन्याला येत, मग सणाला येऊ लागली, मग थांबली. येणारे-जाणारे सांगत, बरी आहे, कामात असते. आई म्हणे, "लिहायलाच विसरली असंल." बुवांसमोर तो विषय निघाला की ते उठून जात.

मळणी उरकल्यावर मार्गशीर्षात मुरबाडहून निरोप आला. गोदीच्या सासरी दरवर्षी सात दिवस पोथी असते, तिथले नेहमीचे वाचणारे आजारी पडले होते. बुवा येतील का, असे विचारले होते. बुवा निघाले, आणि बहिणीला भेटायला म्हणून मीही त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. त्यांच्या पिशवीत दोन गाठोडी होती. एकात पोथी. दुसरे फडके मी ओळखले.

सकाळी पोथी होई. जेवणे झाली की दुपार रिकामी. पहिल्याच दुपारी बुवांनी ओटीवर दुसरे गाठोडे सोडले.

"ह्ये वो काय?" सासूबाईंनी विचारले.

"पोरांची गोष्ट आहे. वेळ जात नाही म्हणून वाचतो."

गोदी माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने पुस्तके पाहिली आणि तिचा चेहरा मी पाहिला. बुवांनी हात घातला तो पहिल्या भागाला. मला राहवले नाही. "बुवा, गोदीचे तीन झालेत! चौथा काढा ना."

"गोदीचे झालेत," ते म्हणाले. "बाकीच्यांचे?"

सासूबाई सुनेवर खेकसल्या, "उभी काय राहिलीस गो? तांदूळ निवडायचेत नव्हं?" गोदी सूप घेऊन आली आणि उंबऱ्याशी बसून निवडू लागली. हात चालत होते, म्हणून कोणी काही म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईही सूप घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी आल्या. चंपीला वेशीवरची म्हातारी पाणी पाजते तिथे सासूबाई म्हणाल्या, "बाय मोठ्या मनाची हाय." बुवा एका दुपारी चार-चार प्रकरणे वाचत होते. मी हिशेब करून पाहिला. या चालीनेही सात दिवसांत तिसऱ्या भागापुढे जाणे शक्य नव्हते. मी गोदीला तसे हळूच सांगितले. "ठाऊक हाय," ती म्हणाली, आणि खडे वेचत राहिली.

सातव्या दिवशी पोथीची समाप्ती झाली. दुपारी तिसरा भाग संपला तेव्हा बगळा काचेच्या पुलावर एका पायावर उभा होता आणि त्याचा दुसरा पाय काच होऊ लागला होता. बुवांनी पुस्तक मिटले, फडके बांधले. "आमचं काम झालं. उद्या सकाळी निघतो."

"निघता कसे?" सासूबाई सूप बाजूला सारून उठल्याच. "त्या बगळ्याला तसाच टाकून? बुवा, ह्ये काय बरं नाय."

"मला परवा दुसरीकडे जायचंय. घरात कोणी वाचणारं असेल तर पुस्तकं ठेवून जातो."

थोरला मुलगा आकडे तेवढे वाची. धाकटा, म्हणजे गोदीचा नवरा, कल्याणला गिरणीत होता, पंधरवड्याने येई. सासूबाईंनी एकेकाकडे पाहिले. मग त्यांची नजर उंबऱ्याकडे गेली आणि तिथे थांबली. गोदी मान खाली घालून बसली होती, पण तांदळातले हात थांबले होते.

"तुला जमंल का गो? का इसरलीस?"

"नाय इसरले."

"मग बग. पन आधी हात धू."

बुवांनी गाठोडे तिच्या ओंजळीत दिले. "रोज एक प्रकरण. खंड पडू द्यायचा नाही. आणि चौथा—"

"चौथाच," गोदी म्हणाली. दीड वर्षानंतर ती त्यांच्याकडे बघून हसली.

परतताना गाडीत मी कुरकुरलो की आता आमचे तीन भाग राहिले ते राहिलेच. बुवा म्हणाले, "ती वाचील तेव्हा जाऊन ऐक." हे सगळे त्यांनी घरून निघतानाच योजले होते का, हे मी पुढे विचारले. ते सुपारी कातरत बसले.

बुवा त्यानंतर पाचएक वर्षांनी गेले. आता माझ्या घरात मुले आहेत, पुस्तकांच्या मालिका आहेत, आणि कुठला भाग आधी वाचायचा यावरून भांडणेही आहेत. शेजारीपाजारीही मला विचारतात. मी बिनदिक्कत सांगतो: लिहिला गेला त्या क्रमाने वाचा. आधी माणूस भेटू द्या, त्याची जुनी हकिगत मागाहून. याला एक पुरावा माझ्याकडे आहे, तो मुरबाडचा.

आम्ही परतल्यावर महिन्याभराने, काचबेटाच्या समाप्तीला, मी गेलो होतो. बुवा तेव्हा तापाने पडलेले, त्यांना येता आले नाही. गोदी ओटीवर पाटावर बसली होती, आवाज खणखणीत. चौथ्या भागात काय निघाले ते सासूबाईंनी मी टेकतो न टेकतो तोच सांगितले. ते बेट काचेचे केले होते त्या वेशीवरच्या म्हातारीनेच, तरुणपणी, रागाच्या भरात. आणि तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजत बसली होती.

"मला ह्ये आधी कळतं," सासूबाई म्हणाल्या, "तर मी तिच्या हातचं पानी प्याले नसते. आता प्याले, तर काय करता? तीन दिस मला जेवन गेलं नाय."

गोदीने सहाव्या भागाचे शेवटचे पान वाचले आणि पुस्तक मिटले. बायका उठायला लागल्या. सासूबाईंनी हाताने खूण करून त्यांना बसवले, आत गेल्या, ताम्हन घेऊन आल्या. समाप्तीला वाचणाऱ्याला दक्षिणा द्यायची असते, ती दिल्याशिवाय उठायचे नसते, असे त्या म्हणाल्या. एक नारळ आणि रोख सव्वा रुपया. दिला गोदीला.