जाफनाकर, कँडीकर आणि एक खवणी

गावाच्या नावाला ‘कर’ जोडल्याशिवाय माणूस मला आपला वाटत नाही. म्हणून ऑकलंडच्या अवोन्डेलमध्ये माझ्या दोन श्रीलंकन शेजाऱ्यांचं मी पहिल्याच महिन्यात बारसं करून टाकलं. भिंतीपलीकडचा तमिळ बस ड्रायव्हर तो जाफनाकर, दुसऱ्या बाजूचा सिंहली इलेक्ट्रिशियन तो कँडीकर. पहिला मला ‘अण्णा’ म्हणायचा, दुसरा ‘अय्या’; दोन्हींचा अर्थ थोरला भाऊ. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत. बायको पुण्यात, मुलीची बारावी होईपर्यंत. आठवडाभर जी माणसं माझ्याशी बोलायची, ती गोळ्यांबद्दल बोलायची. अपवाद फक्त रविवार.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बाजारातून नारळ, कढीपत्ता, मासे आणायचो आणि माझ्याकडे रांधायचो. खवणी कँडीकरची, त्याच्या आईनं दिलेली. टेबलाच्या कडेला आवळायची आणि दांडा फिरवायचा. खवायचा मात्र जाफनाकर, कारण त्याच्या मते कँडीकर करवंटीसुद्धा खवतो. तिकडे दोघांच्या लोकांचं पंचवीसेक वर्षं युद्ध चालू होतं. आमच्या टेबलावर क्रिकेट.

२००९ उजाडलं आणि क्रिकेटही बंद पडलं. सरकारी सैन्य उत्तरेत घुसत होतं, वेगळं राज्य मागणारे तमिळ बंडखोर मागे हटत होते आणि हे दोघं माना खाली घालून जेवत होते. मला शांतता सोसत नाही. एका रविवारी मी डोक्यावर टॉवेलचा न्यायाधीशी टोप चढवला आणि पळीनं पातेलं बडवलं.

“कोर्ट सुरू! भांडण लागलं कशावरून?”

दोघंही हसले, हे मी शपथेवर सांगतो.

“छप्पन साली सिंहली एकटीच राजभाषा झाली,” जाफनाकर खवता खवता म्हणाला. “माझे बाबा कारकून. एका कायद्यानं अडाणी ठरले.”

“आणि इंग्रजांच्या काळात बऱ्या नोकऱ्या कुणाकडे होत्या, मचान?” कँडीकर म्हणाला. मचान म्हणजे त्यांच्याकडे दोस्त.

भाषा! छप्पन साल! मला कोण आनंद झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आजोबा तुरुंगात गेले, ही गोष्ट मी घरच्या प्रत्येक लग्नात सांगितली आहे. त्यांनी जेलरला मराठी शिव्या शिकवल्या आणि वजन वाढवून बाहेर आले. मी सगळं करून दाखवलं, जेलरच्या चालीसकट. त्या चळवळीत गोळीबारात माणसं मेली, ती माझ्या गोष्टीत कधीच नसतात.

कँडीकर पोट धरून हसला. खवणीचा दांडा थांबला.

“अण्णा, तुमचे आजोबा घरी परत आले ना?” जाफनाकरनं विचारलं.

“आले की.”

“माझी बहीण तिकडे उत्तरेत अडकलीय. वरून सैन्याच्या तोफा. जानेवारीपासून फोन नाही.”

कँडीकरचं हसू गेलं. “माझा भाऊ सैन्यात होता. एलिफंट पासचा तळ बंडखोरांनी घेतला, तेव्हा तिथेच होता. आईकडे ‘बेपत्ता’ एवढंच लिहिलेलं पत्र आहे.”

तीन वर्षं एकत्र जेवून त्यांनी हे एकमेकांना सांगितलं नव्हतं. मी टोप काढला. जाफनाकर हात धुऊन गेला, मागोमाग कँडीकर. तिघांचे मासे मी तीन दिवस खाल्ले.

त्यानंतर बाजारात दोघं दोन टोकांना दिसायचे. लांबून हात करायचे, इतकंच. मे महिन्यात युद्ध संपलं. टीव्हीवर कोलंबोत फटाके वाजत होते. कँडीकरच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. खवणी अजून माझ्याच टेबलाला होती. शेवटी ती सोडवली आणि त्याच्याकडे नेली.

“त्याला दे,” तो दारातूनच म्हणाला.

“अरे, तुझ्या आईची ना?”

“म्हणूनच, अय्या.”

जाफनाकरनं दार उघडलं तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती. “त्यानं दिलीय,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. बहिणीबद्दल विचारायचं धाडस झालं नाही. त्यानं खवणी दोन्ही हातांनी घेतली आणि दार लावलं.

पुढच्या रविवारी माझ्या दारावरून कँडीकरच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, फटफटत गेल्या. जाफनाकरचं दार उघडलं, बंद झालं. मी भिंतीला कान लावला. बऱ्याच वेळानं नारळ खवल्याचा आवाज सुरू झाला.

मला हाक आली नाही. माझ्याकडे नारळ होता, खवणी नव्हती. डब्यातलं सुकं खोबरं घालून आमटी केली, आणि पळी पातेल्याला लागू नये म्हणून अगदी हळू ढवळली.