बरणीतली मुंगी घेऊन नागपूरला

आमचं गाव नरखेड तालुक्यात. श्रावणातली संध्याकाळ होती, उकडत होतं. ओसरीतल्या बल्बखाली मी आणि माझी बायको सुमन तांदूळ निवडत बसलो होतो. दिव्याभोवती पाखरं गरगरत होती. सुपातल्या तांदळावरून एक मोठी काळी मुंगी चालली. मी तिला झटकणार तेवढ्यात सुमननं तिच्यावर वाटी पालथी घातली.

"राणी होय जी ते. मारू नका."

"मुंगळा होय. राणीले पंख असतात."

"टाकून देल्ले असतील."

"कुठं टाकले? दाखव."

"आता मले दिसून नाही राहिलं. सकाळी उजेडात दाखवीन."

मुंगी मधाच्या रिकाम्या बरणीत गेली. झाकणाला भोकं पाडली. अर्धेच निवडलेले तांदूळ सुपासकट कोठीवर ठेवले. सुमन झोपली ती सकाळी उठली नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. सुपाला मी कोणाला हात लावू दिला नाही. घरात गॅसही पेटवला नाही. शेजारच्या शांताबाई डबा द्यायच्या, त्यातलं अर्धं कुत्रं खायचं. एक दिवस त्या म्हणाल्या, "सुमनबाईचा जीव त्या मुंगीतच गेला असंल."

मी म्हटलं, "मुंगी आधी आली, जीव मागून गेला. काहून काहीही बोलता?"

मला जीवबिव नको होता. आमचं बोलणं अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायचं होतं. सुमन खरी का मी. तिच्या बहिणीची पोर प्रतिभा नागपुरात राहते, कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवते. बरणी घेतली आणि सकाळच्या एसटीत बसलो.

गाडी संत्र्यांच्या बागांमधून निघाली. झाडांवर हिरवी फळं लागली होती. सगळं होतं तसंच होतं, त्याचाच कंटाळा आला. कंडक्टरनं विचारलं, "बरणीत काय हाय, बाबाजी?"

"मुंगी."

"तुमचं फुकट हाय. तिचं तिकीट लागंल."

"फाड. मंग तिले सीट बी दे."

शेजारी बसलेला संत्र्यांचा व्यापारी वाकून पाहू लागला. "डोकं मोठं असलं का राणी समजाची," तो म्हणाला. मी पाहिलं. डोकं काही मोठं नव्हतं. म्हणजे मीच जिंकलो. आनंद मात्र झाला नाही.

काटोलच्या स्टँडवर तर्री-पोहे (चण्याचा तिखट रस्सा ओतलेले पोहे) घेतले. सुमन तर्री खायची, मी पोहे. दोन घास खाल्ले आणि प्लेट ठेवून दिली.

नागपुरात उतरून ऑटो केला. रामदासपेठेत जिकडेतिकडे दवाखाने. अँब्युलन्सला वाट द्यायला ऑटोवाल्यानं ब्रेक मारला आणि बरणी हातातून सुटून पायाशी गडगडली. मुंगी उताणी पडली. पाय हलेनात.

"थांबू काय, काकाजी?" ऑटोवाल्यानं विचारलं. मी बरणी उचलून डोळ्यांपुढं धरली. मग एक पाय हलला, मागून सगळे हलले.

"चल," मी म्हटलं.

प्रतिभानं दारातच विचारलं, "जेवले काय, काकाजी?"

"पहिले हे पाहा."

तिनं बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. "मोठ्या मुंगळ्याचं डोकं भलं मोठं असते अन् मधलं अंग बारीक. हिची पाठ पाहा."

पाठ फुगीर होती, पोती वाहणाऱ्या हमालासारखी.

"उडायची ताकद तिथं असते. आता बाजूले पाहा. खुणा दिसतात?"

दिसल्या. खपली निघाल्यावर राहतात तशा, बारक्या.

"तिथं पंख होते. डोक्यावर तीन ठिपके हायेत, चुलीच्या तीन दगडांसारखे. ते बी डोळेच. अन् पोट पाहा केवढं. नर असता तर डोकं इवलंसं राहिलं असतं. राणी होय, काकाजी. पक्की."

मी भिंग खाली ठेवलं. "तुह्या मावशीनं बिनभिंगाचं सांगितलं होतं."

प्रतिभानं पदरानं, नव्हे ओढणीनं, नाक पुसलं.

"मंग पंख कुठं गेले?"

"जिथं उतरते तिथंच मोडून टाकते."

बरणीत मी गूळ ठेवला होता. तो तिनं काढला, ओला कापूस ठेवला. "अंधारात ठेवा. घडीघडी पाहू नका. खायले काही देऊ नका. पहिली पिलं होईपर्यंत ते बिळात बंद राहते. पाठीतलं उडायचं मांस जिरवून जगते."

"स्वतःलेच खाते म्हण."

"हो. पण तेवढे दिवसच." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही किती वाळले, काकाजी."

तिनं वरण-भात, वांग्याची भाजी वाढली. थोडं खाल्लं.

परतीच्या गाडीत बरणी गमछ्यात गुंडाळून मांडीवर धरली. कंडक्टर दुसरा होता, त्यानं काही विचारलं नाही. पुन्हा बागा आल्या. एवढ्या लांब गेलो ते सुमन हरावी म्हणून का जिंकावी म्हणून, हे जाताना मला माहीत नव्हतं. येताना माहीत होतं. पण जिंकली हे जिला सांगायचं, तीच घरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी कोठीमागच्या अंधारात ठेवली. कोठीवरचं सूप खाली घेतलं आणि ओसरीत उजेडाला बसून राहिलेले तांदूळ निवडू लागलो. खडे निघाले, धान निघालं, एक मेलेला किडा निघाला. तळाशी पंख सापडले. दोन लांब, दोन आखूड, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. उजेडात धरून पाहिले.

"दिसले वं," म्हटलं.

मग तांदूळ धुतले आणि गॅस पेटवला.